डोक्याचे माप

प्रास्ताविक : आपण रोज अनेक वस्तूंची मापे घेतो. कापडाचे माप, खोलीचे माप, जमिनीचे माप. माणसाच्या डोक्याचेही माप घेतात. ते कशासाठी घेतात, कसे घेतात आणि त्याचा चांगला व वाईट उपयोग कसा झाला, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना जवळ एक टेप ठेवा.

मुलांनो, माहुलच्या रस्त्यावर सकाळच्या वेळी दोन प्रकारची माणसे दिसतात. काही जण तेलशुद्धीकरण कारखान्यांत कामाला जातात. हे कारखाने १९५० च्या दशकात आपल्या भागात सुरू झाले. तिथे काम करताना कामगारांच्या डोक्यावर कडक टोपी असते. तिला आपण हेल्मेट म्हणतो. दुसरी माणसे सायकलवरची. कोणी पाव पोचवतो, कोणी दूध, कोणी शाळेत जातो. शेजारून मोठमोठे टँकर धावत असतात. यांच्या डोक्यावर मात्र बहुधा काही नसते.

मोटारसायकल चालवणाऱ्याला हेल्मेट घालावेच लागते, तसा कायदा आहे. सायकलवाल्यावर अशी सक्ती नाही. पण रस्ता दोघांना सारखाच कठीण आहे. म्हणून सायकलसाठी वेगळे, हलके आणि हवा खेळणारे हेल्मेट मिळते. ते विकत घेणारे मूल दुकानात काय विचारते? "पिवळे आहे का? निळे आहे का?" रंग विचारला जातो. माप मात्र फार थोडे जण विचारतात. आणि खरी गोष्ट मापातच आहे.

आधी हेल्मेटचे काम समजून घेऊ. कारखान्यातले हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूपासून वाचवते. त्याच्या आत पट्ट्यांची जाळी असते आणि जाळी व कवच यांच्यामध्ये मोकळी जागा असते. मागे एक फिरकी असते. ती फिरवली की पट्टा डोक्याला घट्ट बसतो. सायकलच्या हेल्मेटचे काम निराळे आहे. इथे वस्तू डोक्यावर पडत नाही, डोकेच रस्त्यावर आपटते. म्हणून त्याच्या आत थर्माकोलचा जाड थर असतो. नाजूक वस्तूंच्या खोक्यात असतो, त्याच जातीचा, पण अधिक घट्ट.

आता थोडे गणित करू. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असते. दीड मीटरवरून वस्तू सोडली, तर जमिनीला टेकताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर होतो. म्हणजे ताशी जवळजवळ साडेएकोणीस किलोमीटर. युरोपात सायकलच्या हेल्मेटची परीक्षा जवळपास याच वेगाने घेतात. हेल्मेटमध्ये धातूचे डोके बसवून ते लोखंडी ऐरणीवर सोडतात. डोक्याला बसणारा धक्का ठरलेल्या मर्यादेत राहिला, तरच ते हेल्मेट पास होते.

हा धक्का कमी कसा होतो? उघडे डोके दगडावर आपटले, तर ते फार थोड्या अंतरात थांबते. समजा, हे अंतर २ मिलिमीटर आहे. हेल्मेट असेल तर थर्माकोल चेपला जातो. समजा, तो २० मिलिमीटर चेपला. थांबण्याचे अंतर दसपट झाले, म्हणजे डोक्यावरचे सरासरी बळ दहावा हिस्सा राहिले. क्रिकेटमध्ये चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो, त्याचे कारणही हेच. थर्माकोल स्वतः चेपला जातो आणि डोके वाचवतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. वरून ते चांगले दिसले, तरी आतला थर आपले काम करून संपलेला असतो.

पण हे सर्व केव्हा घडते? थर्माकोल डोक्याच्या जवळ असेल तेव्हा. हेल्मेट सैल असेल तर पडताना ते मागे सरकते आणि कपाळ उघडे पडते. कुठे घट्ट आणि कुठे पोकळ असेल तर सगळा भार एकाच जागी येतो. शिवाय दुखते म्हणून मूल ते घालतच नाही. घरात खुंटीला टांगलेले हेल्मेट कोणालाही वाचवत नाही. म्हणून हेल्मेट डोक्याला नीट बसणे ही केवळ आरामाची गोष्ट नाही, ती जिवाची गोष्ट आहे.

मग नीट बसणारे हेल्मेट कसे करायचे? त्यासाठी आधी डोके मोजले पाहिजे. उर्दूत आपण 'पैमाइश' म्हणतो, मराठीत 'मोजमाप' म्हणतात. ईदसाठी टोपी घेताना दुकानदार टोपीचा नंबर विचारतो. तो नंबर म्हणजे डोक्याचा घेर. टेप भुवयांच्या थोडी वर धरायची. कानांच्या वरून मागे न्यायची. मागे जिथे डोके सर्वांत पुढे आलेले असते, तिथून फिरवून परत कपाळावर आणायची. जो आकडा येईल तो घेर. तुमच्या वर्गात तो बहुधा ५२ ते ५७ सेंटीमीटरच्या आसपास येईल. हेल्मेटच्या आत चिकटवलेल्या पट्टीवरही हाच आकडा छापलेला असतो.

परंतु एकाच नंबराची टोपी दोन भावांना सारखी बसत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. एकाला ती ठीक बसते. दुसऱ्याला कानांच्या वर दाटते आणि कपाळाशी सैल राहते. असे का होते? कारण घेर सारखा असला, तरी आकार सारखा नसतो. डोके वरून पाहिले तर ते वर्तुळ नसते, अंड्यासारखे लांबट असते. काहींचे अधिक लांबट, काहींचे अधिक गोल.

म्हणून आणखी दोन मापे घेतात. कपाळापासून मागच्या टोकापर्यंत ती लांबी. कानांच्या वर, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ती रुंदी. ही मापे टेपने घेता येत नाहीत. त्यासाठी कॅलिपर नावाचे चिमट्यासारखे साधन वापरतात. त्याच्या दोन वाकड्या भुजा डोक्याच्या दोन बाजूंना टेकवतात आणि मधले अंतर वाचतात.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या डोक्याची लांबी १९.४ सेंटीमीटर आणि रुंदी १४.८ सेंटीमीटर आहे. दुसऱ्याची लांबी १८.२ आणि रुंदी १६ सेंटीमीटर आहे. लंबवर्तुळाच्या हिशेबाने दोन्हींचा घेर सुमारे ५४ सेंटीमीटरच येतो. दुकानदार दोघांनाही ५४ नंबरचे हेल्मेट देईल. आता रुंदीला लांबीने भागा आणि १०० ने गुणा. पहिल्याचे उत्तर ७६ येते, दुसऱ्याचे ८८. आकडा जितका लहान, तितके डोके लांबट. आकडा जितका मोठा, तितके ते गोल. घेराने जे सांगितले नव्हते, ते या आकड्याने सांगितले.

कारखानदार म्हणेल, "दोघांची सरासरी काढू आणि एकच हेल्मेट करू." सरासरी येते लांबी १८.८ आणि रुंदी १५.४. हे हेल्मेट पहिल्याला कपाळाशी दाटेल आणि बाजूंनी सैल होईल. दुसऱ्याला बाजूंनी दाटेल आणि पुढे-मागे हलेल. म्हणजे सरासरीचे हेल्मेट दोघांपैकी एकालाही बसले नाही. मुलांनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. सरासरी हा उपयोगी आकडा आहे, पण सरासरी नावाचा माणूस रस्त्यावर सायकल चालवत नसतो.

रुंदीला लांबीने भागण्याची ही रीत जुनी आहे. स्वीडनमधील शास्त्रज्ञ अँडर्स रेट्झियस यांनी १८४० च्या दशकात ती सुरू केली. रीत साधी होती, पण पुढे तिचा वाईट उपयोग झाला. युरोपातील काही विद्वान डोक्यांची मापे घेऊन माणसांना श्रेष्ठ आणि कनिष्ठ ठरवू लागले. आपल्या देशात हर्बर्ट रिझ्ली या इंग्रज अधिकाऱ्याने लोकांच्या नाकांची आणि डोक्यांची मापे घेतली आणि त्यांवरून जातींची उतरंड लावण्याचा प्रयत्न केला. जणू देवाने माणसाची किंमत त्याच्या नाकावर लिहून ठेवली आहे!

या चुकीच्या विचाराला मापानेच उत्तर देणारी एक मराठी स्त्री होऊन गेली. त्यांचे नाव इरावती कर्वे. त्यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात झाला. शिक्षण पुण्या-मुंबईत झाले. नंतर त्या पुढील अभ्यासासाठी जर्मनीत बर्लिनला गेल्या. तिथे ऑयगेन फिशर नावाचे प्राध्यापक त्यांचे मार्गदर्शक होते. फिशर यांचा असा समज होता की, गोऱ्या युरोपीय लोकांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, कारण त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, आणि म्हणून ते अधिक बुद्धिमान असतात. ही गोष्ट तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या एकेक करून मोजल्या. त्यांत युरोपातल्या कवट्या होत्या आणि इतर खंडांतल्याही होत्या. मोजून झाल्यावर त्यांना काय दिसले? कवटीच्या दोन बाजूंमध्ये थोडाफार फरक सगळीकडेच होता. त्याचा वंशाशी काही संबंध नव्हता. परदेशात शिकणारी ती एक तरुण विद्यार्थिनी होती. गुण देणे गुरूंच्या हातात होते. गुरूंना हवे ते लिहिले असते, तर काम सोपे झाले असते. पण त्यांनी माप जे सांगत होते तेच लिहिले. गुरूंना हा निष्कर्ष आवडला नाही, त्यांनी गुण कमी दिले. तरी पदवी मिळाली आणि १९३० मध्ये त्या परत आल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि वंशश्रेष्ठत्वाच्या त्याच विचाराने लाखो निरपराध माणसांचे प्राण घेतले.

पुढे १९३९ पासून इरावतीबाईंनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये काम केले. महाराष्ट्रात फिरून त्यांनी अनेक समाजांतील माणसांची मापे घेतली. १९५१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याबरोबर महाराष्ट्रातील या मापांवर त्यांनी पुस्तक लिहिले. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजातही माणसांच्या मापांत पुष्कळ फरक असतो, हे त्यांच्या अभ्यासातून दिसले. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक होत्या. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

आता याच मापांचा चांगला उपयोग पाहू. रॉजर बॉल नावाचे एक कॅनडातील हेल्मेट-रचनाकार होते. त्यांनी बनवलेली बर्फावरच्या खेळाची हेल्मेटे आशियातील ग्राहकांना नीट बसत नसत. बाजूंनी दाटत. याचे कारण शोधले तर साधे निघाले. हेल्मेटचे साचे पाश्चात्त्य लोकांच्या डोक्यांवरून केलेले होते. मग हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात असताना त्यांनी २००६ च्या सुमारास चीनमधील सहा ठिकाणी सुमारे दोन हजार माणसांची डोकी मोजली. या वेळी कॅलिपरऐवजी स्कॅनर होता. केस दबावेत म्हणून डोक्यावर पातळ घट्ट टोपी घालायची आणि स्कॅनरने प्रकाशाच्या साहाय्याने डोक्यावरील हजारो बिंदू टिपायचे. त्या बिंदूंवरून संगणकात डोक्याची हुबेहूब आकृती तयार होते. चिनी लोकांची डोकी सरासरीने पाश्चात्त्यांपेक्षा अधिक गोल आहेत, कपाळ आणि मागची बाजू अधिक सपाट आहे, असे त्यांना आढळले.

पाहा, मुलांनो! इथेही डोक्यांत फरक सापडला. पण या वेळी कोणी असे म्हटले नाही की, गोल डोके कमी दर्जाचे आहे. म्हटले ते एवढेच की, साचा बदला.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी सायकलच्या हेल्मेटचाच अभ्यास केला. त्यांनी डोक्याची आणि हेल्मेटच्या आतल्या भागाची आकृती संगणकात एकमेकींवर बसवली आणि दोन्हींमधले अंतर जागोजागी मोजले. कुठे किती पोकळी आहे, हे त्यामुळे आकड्यांत सांगता येऊ लागले. २०१६ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. "हेल्मेट कसे बसते?" या प्रश्नाला पूर्वी "बरे बसते" एवढेच उत्तर होते. आता त्याला गुण देता येतात.

आपल्या देशात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय स्त्री-पुरुषांच्या शरीराची मापे गोळा करून १९९७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत डोक्याचीही मापे आहेत. बाक, यंत्रे, हेल्मेट बनवणाऱ्यांना परदेशी आकड्यांवर अवलंबून राहावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. माहुलपासून जवळच पवईला आयआयटी आहे. तिथे १९६९ मध्ये औद्योगिक डिझाइनचे केंद्र सुरू झाले. वस्तू माणसाला अनुरूप कशी करावी, हे तिथे शिकवतात. महाराष्ट्राच्या सीमेवरील बेळगावात हेल्मेटचा मोठा कारखाना आहे. म्हणजे मोजणाऱ्यांपासून बनवणाऱ्यांपर्यंत सगळी माणसे आपल्याच आसपास आहेत. तुमच्यापैकी कोणी उद्या हे काम का करू नये?

तोपर्यंत स्वतःपुरते एवढे करा. हेल्मेट घेण्याआधी घेर मोजा. हेल्मेट डोक्यावर सरळ ठेवा. त्याची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे असावी, टोपीसारखी मागे ढकललेली नको. पट्टा न बांधता डोके हळूच हलवा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही हलली, तर माप ठीक आहे. नुसते हेल्मेटच हलले, तर ते मोठे आहे. कुठे टोचत असेल, तर त्याचा आकार तुमच्या डोक्याचा नाही. दुसऱ्या घडणीचे पाहा. कानांखाली पट्ट्यांचा कोन व्हावा आणि हनुवटीखाली एकच बोट जावे. आत जाड टोपी घालू नका. मुलींनी ओढणी किंवा स्कार्फ बांधायचा असेल तर तो पातळ, एकपदरी असावा. आत टाचण्या नकोत आणि अंबाडा मानेजवळ खाली बांधावा. माप घेताना स्कार्फ बांधूनच घ्यावे.

आपल्या घरांत एक सवय असते. गणवेश घेताना आई म्हणते, "थोडा मोठाच घेऊ, पोर वाढत्या अंगाचे आहे." गणवेशाच्या बाबतीत हे शहाणपणाचे आहे. बाही दुमडता येते. हेल्मेटच्या बाबतीत हे चालत नाही. तसेही डोके हातापायांइतके भरभर वाढत नाही. सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. म्हणून आजच्या डोक्याला आजच बसेल असे हेल्मेट घ्या.

टेप तीच, डोके तेच, आकडेही तेच. एकाने ते मोजून माणसांना खाली-वर बसवले. दुसऱ्याने मोजून प्रत्येकाला बसेल अशी वस्तू केली. ५२ चे डोके ५७ च्या डोक्यापेक्षा कमी नसते, त्याला फक्त वेगळे हेल्मेट लागते. मोजणाऱ्याने आपल्या मनाला हवे ते नव्हे, तर मापाने सांगितले तेच लिहावे, आणि ते माणसाच्या उपयोगासाठी लिहावे.

शब्दार्थ

मोजमाप – पैमाइश, नाप
घेर – गोल वस्तूभोवतीचे माप
कवटी – डोक्याचे हाड, खोपडी
ऐरण – ज्यावर लोखंड ठोकतात तो लोखंडी ठोकळा
बळ – जोर, ताकद
लंबवर्तुळ – अंड्यासारखा लांबट गोल
सरासरी – औसत
उतरंड – एकावर एक रचलेली मडकी. येथे अर्थ : उच्च-नीच क्रम
वंश – नस्ल
निष्कर्ष – शेवटी निघालेले अनुमान, नतीजा
अनुरूप – योग्य, मुवाफिक
निरपराध – बेगुनाह

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) सायकलच्या हेल्मेटच्या आत कशाचा थर असतो?
(२) डोक्याचा घेर कोठून कोठून मोजतात?
(३) इरावती कर्वे पुढील अभ्यासासाठी कोठे गेल्या?
(४) रॉजर बॉल यांनी स्कॅनरने कोणत्या देशातील लोकांची डोकी मोजली?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) आपटलेले हेल्मेट पुन्हा का वापरू नये?
(२) सरासरी मापाचे हेल्मेट दोघांनाही का बसले नाही?
(३) इरावतीबाईंच्या गुरूंना त्यांचा निष्कर्ष का आवडला नाही?

प्र. ३. कारणे लिहा.
(१) हेल्मेट वाढत्या मापाचे घेऊ नये, कारण ...
(२) एकाच नंबराची टोपी दोन भावांना सारखी बसत नाही, कारण ...

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
सैल, श्रेष्ठ, लांबट, उघडे, पातळ

प्र. ५. वचन बदला.
टोपी, कवटी, माप, पट्टा, डोके

प्र. ६. पुढील शब्द वाक्यांत वापरा.
मोजमाप, अनुरूप, हुबेहूब, अवलंबून राहणे

उपक्रम : वर्गातील दहा मुलामुलींच्या डोक्यांचा घेर टेपने मोजा. नंतर रुंदी मोजा. त्यासाठी मित्राला टेबलाशी बसवून हनुवटी टेबलावर टेकवायला सांगा. दोन जाड पुस्तके उभी धरून त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या वर, हलकेच टेकवा. मित्राने डोके अलगद बाहेर काढल्यावर पुस्तकांमधले अंतर पट्टीने मोजा. त्याच रीतीने एक पुस्तक कपाळाला आणि एक मागे टेकवून लांबी मोजा. घेर सारखा, पण आकार वेगळा अशी जोडी सापडते का, ते पाहा. तक्त्यात मुलांची नावे लिहू नका, फक्त मापे लिहा. त्यांवरून कोणाला चिडवू नका.